पोटातले रान : बंदिस्त वन्यप्राण्यांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाची पन्नास वर्षे

प्राणिसंग्रहालयातील वाघ, माकड किंवा हत्ती यांच्याकडे पाहताना दिसते ते त्या प्राण्याचे शरीर. त्या शरीराच्या आतड्यात जिवाणूंची जी दाट वस्ती असते ती दिसत नाही, आणि प्राणी रानातून पिंजऱ्यात आला तेव्हा त्या वस्तीचे काय झाले याची नोंदही बहुधा कोठे ठेवलेली नसते. १९७३ ते २०२३ या पन्नास वर्षांत जीवशास्त्राची या वस्तीकडे पाहण्याची दृष्टी मुळापासून बदलली. आरंभी पिंजऱ्यातील प्राणी ही संशोधकांची सोय होती, कारण रानोमाळ न भटकता अनेक जातींची विष्ठा एकाच फेरीत हाती येई, आणि त्या विष्ठेत सापडणारे जिवाणू हेच त्या जातीचे नैसर्गिक जिवाणू होत असे न बोलता गृहीत धरले जाई. पुढे हे गृहीतकच तपासाचा विषय झाले, आणि पिंजऱ्याचे गज प्राण्याच्या शरीराबाहेर थांबत नाहीत, ते त्याच्या पोटापर्यंत पोचतात, हे कळून आले. या बदलाचा मागोवा घेताना एक उणीव सतत जाणवत राहते, ती म्हणजे तुलनेसाठी लागणारी रानातली बाजू नेहमीच अपुरी राहिली. आणि ही उणीव महाराष्ट्रात, त्यातही तापी-पूर्णेच्या खोऱ्यात, विशेष ठळकपणे दिसते.

भुसावळ आणि मुक्ताईनगर यांच्या दरम्यान वसलेले वरणगाव बाहेरच्यांना ओळखीचे आहे ते तेथील आयुध निर्माणीमुळे. परंतु त्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी १९६९ मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य आहे, आणि पूर्वेला मुक्ताईनगर तालुक्यातील वढोदा वनक्षेत्र आहे, जेथील वाघ आजही केळीच्या बागांमधून ये-जा करतात. अशा गावाच्या आसपास उभे राहून पाहिले, म्हणजे मुंबई, पुणे किंवा नागपूर येथील पिंजऱ्यातला वाघ आणि येथल्या नाल्याकाठचा वाघ यांच्या पोटात काय सारखे उरले आणि काय वेगळे झाले, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला राहत नाही.

आतड्यातील सूक्ष्मजीवांची जनुकीय विविधता या शब्दप्रयोगात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात व त्या आधीच सोडवून घेणे बरे. एक म्हणजे एका प्राण्याच्या आतड्यात जिवाणूंच्या किती वेगवेगळ्या जाती नांदतात आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण काय आहे, ही जातींची विविधता. दुसरी म्हणजे एकाच जातीच्या जिवाणूत किती निरनिराळे वाण आहेत, म्हणजे जनुकांच्या बाबतीत एकमेकांपासून किती दूर गेलेल्या वंशरेषा आहेत, ही जातीअंतर्गत विविधता. ज्वारी हे एकच पीक असूनही तिचे वाण जसे कणीस, कस आणि कीडरोग सोसण्याची ताकद यांत वेगळे निघतात, तसेच जिवाणूंचेही असते. ऐतिहासिक क्रमाने पाहता दुसऱ्या प्रकारच्या विविधतेचा अभ्यास आधी झाला, कारण त्यासाठी प्रयोगशाळेत सहज वाढणारा एकच जिवाणू पुरेसा होता. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एश्चेरिश यांनी १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून ज्याचे वर्णन केले, आणि ज्याला पुढे त्यांच्याच नावावरून एश्चेरिशिया कोलाय, संक्षेपाने ई. कोलाय, म्हटले जाऊ लागले, तो हा जिवाणू होय. आतड्याच्या एकूण वस्तीत त्याचा वाटा अगदी थोडा असतो. तरीही प्राणवायूत वाढतो, लवकर वाढतो आणि जवळजवळ प्रत्येक सस्तन प्राण्यात सापडतो, एवढ्या तीन गुणांवर तो अनेक दशके आतड्यातील सूक्ष्मजीवांचा प्रतिनिधी होऊन बसला.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉजर मिल्कमन यांनी १९७३ मध्ये निरनिराळ्या यजमानांकडून, म्हणजे ज्यांच्या शरीरात जिवाणू राहतो अशा माणसांकडून व प्राण्यांकडून, ई. कोलायचे शेकडो नमुने जमवून त्यांतील विकरांची तुलना प्रसिद्ध केली. विकर म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. जनुकात बारीक फरक असला तर विकराच्या विद्युतभारात फरक पडतो, आणि विद्युतप्रवाह सोडलेल्या जेलीसारख्या थरातून ते विकर कमीअधिक वेगाने सरकते. डीएनए थेट वाचण्याची सोय नसलेल्या त्या काळात जनुकातील फरक ओळखण्याची ही युक्ती होती. मिल्कमन यांचा मूळ प्रश्न प्राणिसंग्रहालयाचा नव्हताच. जनुकांतील बहुतेक फरक निवडीवाचून, केवळ यदृच्छेने टिकतात का, हा त्या काळी गाजत असलेला वाद त्यांना तपासायचा होता. रॉबर्ट सेलँडर व ब्रूस लेविन यांनी १९८० मध्ये हेच तंत्र अधिक विकरांवर वापरून दाखवले, की ई. कोलायमध्ये विविधता भरपूर आहे, परंतु ती स्वैर नाही: ठरावीक वंशरेषा परस्परांपासून फार दूरच्या ठिकाणीही जशाच्या तशा सापडतात. त्यानंतर १९८४ मध्ये हॉवर्ड ऑखमन आणि सेलँडर यांनी ७२ वाणांचा एक संदर्भसंग्रह निवडला, जो पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत ई. कोलायच्या नैसर्गिक विविधतेचे माप म्हणून वापरला गेला.

या संग्रहाची यादी आज वाचताना थबकायला होते. तिच्यात माणसाच्या जोडीने बिबट्या, सिंह, हत्ती, जिराफ, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यापासून मिळवलेले वाण आहेत, आणि अशा प्राण्यांचे नमुने मिळाले ते प्राणिसंग्रहालयांतून. संग्रहाच्या नावात मात्र नैसर्गिक लोकसंख्या हे शब्द आले. रक्षकाच्या हातून खाणाऱ्या, धुतलेल्या फरशीवर झोपणाऱ्या आणि शेजारच्या पिंजऱ्याशी पाणी, बादल्या व माशा यांची देवाणघेवाण करणाऱ्या बिबट्याच्या आतड्यातील वाणाला नैसर्गिक म्हणावे का, हा प्रश्न त्या वेळी कोणाला टोचला नाही. यात त्या संशोधकांना दोष देण्यासारखे काही नाही, कारण त्यांना जिवाणूची उत्क्रांती पाहायची होती, बिबट्याची अवस्था नव्हे. परंतु प्राण्याच्या बंदिवासाकडे बारकाईने पाहण्याची संधी तेव्हा अगदी समोर असूनही हातची गेली, हे मान्य करावे लागते.

पुढील वीस वर्षांत ई. कोलायच्या वंशरेषांची चार मोठ्या गटांत मांडणी झाली, आणि फ्रान्समधील ओलिव्हिए क्लेरमाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये हा गट ओळखण्याची एक स्वस्त पद्धत दिली. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या निवडक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याचे तंत्र, तिच्या मुळाशी होते. मोठ्या खर्चाची यंत्रसामग्री नसलेल्या, साध्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेलाही झेपेल अशी ती पद्धत होती. विष्ठेचा कण प्रथम मॅकॉन्की आगरावर पसरतात, तेथे गुलाबी ठिपके उमटतात. त्यांतला एक ठिपका इओसिन-मेथिलीन ब्लू या दुसऱ्या माध्यमावर नेला, की रात्रभरात त्यावर भुंग्याच्या पाठीसारखी हिरवट धातूची झाक येते आणि ई. कोलाय असल्याची पहिली खूण पटते. मग त्याचा डीएनए काढून, प्रती काढून, जेलमध्ये विजेच्या जोरावर पळवतात, आणि अतिनील प्रकाशात त्या जेलवर जे उजळ पट्टे दिसतात त्यांच्या रचनेवरून वाणाचा गट ठरतो. ऑस्ट्रेलियात डेव्हिड गॉर्डन आणि ॲन काउलिंग यांनी २००३ मध्ये रानातील कणाधारी प्राण्यांवर असेच काम केले, तेव्हा कोणता वाण कोणाच्या पोटात राहील हे यजमानाची जात, त्याचा आहार, त्याच्या आतड्याची रचना आणि तो जेथे राहतो तेथील हवामान या सर्वांवर अवलंबून असते, असे दिसले. म्हणजे प्राणी हलवला, आहार बदलला, तर वाणही बदलणे स्वाभाविक ठरते. पिंजऱ्याचा प्रश्न येथे प्रथमच उघडपणे विचारता येण्याजोगा झाला.

दरम्यान जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागला होता. प्रयोगशाळेत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ई. कोलायच्या वाणाचा जनुकसंच १९९७ मध्ये पूर्ण वाचला गेला. त्यात सुमारे ४६ लाख आधारजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तितक्या पायऱ्या, निघाल्या. २००२ मध्ये तीन वाणांची तुलना झाली, त्यांतला एक निरुपद्रवी, एक मूत्रमार्गाचा आजार करणारा आणि एक रक्ती हगवण लावणारा. त्या तिघांच्या मिळून जितक्या प्रकारच्या प्रथिनांची नोंद झाली, त्यांपैकी केवळ ३९.२ टक्के तिघांत समाईक निघाली. एकाच जातीचे, एकाच नावाचे तीन जिवाणू, आणि निम्म्याहून अधिक ऐवज वेगवेगळा. वाघाच्या विष्ठेत ई. कोलाय सापडला, या एका वाक्याने जवळजवळ काहीच सांगितले जात नाही हे यावरून ध्यानात यावे. तो कोणत्या वाणाचा, त्याच्याजवळ विष तयार करणारी जनुके आहेत की नाहीत, प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके त्याने कोठून उचलली, हे कळल्याखेरीज पशुवैद्याच्या हाती उपयोगाचे काही पडत नाही.

ई. कोलायची मक्तेदारी मोडली ती दुसऱ्या बाजूने. कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये, पेशीतील रायबोसोम या प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेतील आरएनएचा एक घटक सर्व जीवांच्या वंशावळीचा पुरावा म्हणून वापरता येतो हे दाखवले होते. हा घटक घडवणारे १६-एस नावाचे जनुक प्रत्येक जिवाणूत असते. त्याचा काही भाग सर्वांत सारखा आणि काही भाग जातीगणिक वेगळा असतो. त्यामुळे जिवाणू वाढवण्याच्या भानगडीत न पडता विष्ठेतील सगळा डीएनए एकत्र काढून त्यातले हे एकच जनुक वाचले, तरी तेथे कोण कोण राहते याची शिरगणती होते. आतड्यातील बहुसंख्य जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही, बशीत ते सुखासुखी वाढत नाहीत, म्हणून ते तोवर नजरेबाहेर राहिले होते.

या शिरगणतीचा सर्वांत मोठा पहिला प्रयत्न रूथ ली, जेफ्री गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ६० सस्तन जातींच्या १०६ नमुन्यांतून त्यांनी असे दाखवले, की मांसाहारी प्राण्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता सर्वांत कमी, मिश्राहारींत मध्यम आणि शाकाहारींत सर्वाधिक असते, आणि नात्याने जवळच्या प्राण्यांचे जिवाणूही बहुधा जवळचे असतात. जायंट पांडाचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात जावे असे आहे: बांबूवर जगणाऱ्या या प्राण्याची जिवाणूवस्ती गवत खाणाऱ्यांशी न जुळता त्याच्या अस्वलकुळातील भाईबंदांशी जुळली. आहार बदलला तरी कूळ सुटत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. परंतु या नमुन्यांतही प्राणिसंग्रहालयांचा वाटा फार मोठा होता. संशोधकांनी रानातले काही नमुने घेऊन तुलना केली आणि जातीची छाप बंदिवासातही टिकते असे नोंदवले, ते खरेच आहे. मात्र छाप टिकणे आणि वस्ती शाबूत राहणे यांत अंतर आहे. जुन्या वाड्याची चौकट उभी आहे एवढ्यावरून आत माणसे नांदतात असे म्हणता येत नाही.

ते अंतर मोजले गेले २०१४ नंतर, आणि तेथून हा इतिहास खरा वेग घेतो. केव्हिन कोल आणि डेनिस डिअरिंग यांनी अमेरिकेच्या वाळवंटातील रानउंदरांवर जे काम केले त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या: पकडून आणलेल्या उंदरांना त्यांचा रानातला आहार दिला तर आतड्यातील मूळ वस्तीचा मोठा हिस्सा टिकतो, आणि ज्या विषारी झुडपांवर हे उंदीर जगतात ती पचवण्याची ताकद उंदराची स्वतःची नसून बऱ्याच अंशी त्याच्या जिवाणूंची असते, कारण प्रतिजैविके देऊन जिवाणू मारले की उंदरांना ते खाद्य सोसेनासे होते. २०१६ मध्ये जोनाथन क्लेटन आणि डॅन नाइट्स यांच्या गटाने व्हिएतनाममधील तांबड्या पायांचे डूक वानर आणि कोस्टा रिकातील हाउलर माकड यांच्या रानातल्या व बंदिस्त गटांची तुलना केली. दोन्ही जाती पाने खाणाऱ्या, एकमेकींपासून दूरच्या खंडांवरच्या. तरी बंदिवासात दोघींच्या आतड्यातील विविधता घटली आणि जी वस्ती उरली तीत प्रेव्होटेला व बॅक्टेरॉइडिस या जिवाणूंचा जोर झाला, जे आधुनिक माणसाच्या आतड्यात प्रमुख असतात. अर्धबंदिस्त वानरांची स्थिती या दोहोंच्या मधोमध आली. या अभ्यासातला एक तपशील जवळून पाहण्यासारखा आहे. हरितलवक, म्हणजे पानातील अन्न तयार करणारा घटक, हा उत्क्रांतीच्या दृष्टीने एका प्राचीन जिवाणूचाच वंशज असल्यामुळे १६-एस जनुक वाचताना त्याचाही डीएनए आपोआप वाचला जातो, आणि एरवी संशोधक तो कचरा म्हणून वगळतात. येथे तो मुद्दाम मोजला गेला, तेव्हा रानातल्या वानरांच्या विष्ठेत त्याचे प्रमाण पुष्कळ आणि पिंजऱ्यातल्यांत फारच कमी निघाले. पाने खाण्यासाठी घडलेल्या पोटात पानेच पोचत नव्हती.

पुढच्याच वर्षी व्हॅलेरी मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी ४१ जातींच्या बंदिस्त व रानातील प्राण्यांची तुलना केली, आणि तिचा निष्कर्ष सरसकट नव्हता हेच तिचे मोल. कुत्र्याच्या कुळातील प्राणी, वानरकुळ व घोडे यांच्यात बंदिवासाने विविधता घटली; गाय-हरणांचे कूळ, जिराफ आणि मुंगीखाऊ यांच्यात फारसा फरक पडला नाही; गेंड्यांत ती उलट वाढलेली दिसली. पिंजरा म्हणजे ऱ्हास, हे सुटसुटीत समीकरण त्यामुळे टिकत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्याला पोटाची वेगळी कोठी असते, त्याला गवत किंवा कडबा मिळाला की त्या कोठीतली वस्ती बरीचशी सावरून राहते. ज्या प्राण्याच्या आहारातील धागाच तुटतो त्याचे हाल होतात.

धागा तुटण्याच्या या गोष्टीचा खानदेशाच्या मुख्य पिकाशी थेट संबंध येतो. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या पट्ट्यात पिकणाऱ्या आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीला माकडाचे स्वाभाविक खाद्य समजण्याची सवय इतकी रुळलेली आहे, की चित्रातल्या माकडाच्या हाती केळ नसेल तर चित्र अपुरे वाटते. इंग्लंडमधील पेंटन येथील प्राणिसंग्रहालयाने मात्र जानेवारी २०१४ मध्ये आपल्या माकडांचे केळ बंद केल्याचे जाहीर केले. कारण साधे होते. माणसाने निवडून निवडून गोड केलेल्या फळात रानफळाच्या मानाने साखर फार आणि तंतू कमी, आणि त्यामुळे माकडांचे दात किडत होते, मधुमेहाचा धोका वाढत होता. त्याऐवजी पालेभाज्या व इतर भाज्या दिल्यावर प्रकृती सुधारल्याचे तेथील तज्ज्ञांनी सांगितले. यात केळीचा काही अपराध नाही. सातपुड्याच्या पायथ्याला ज्या कष्टाने ती पिकते ते कष्ट माणसाच्या ताटासाठी आहेत, आणि पान, साल, डिंक व तुरट फळे यांवर घडलेले वानराचे मोठे आतडे हे वेगळे पात्र आहे, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या आतड्यातील जिवाणूंना जो तंतू आंबवून त्यातून यजमानाला ऊर्जा द्यायची असते, तो तंतू खाली पोचलाच नाही, तर तो आंबवणाऱ्या जाती उपाशी मरतात आणि त्यांची जागा साखरेवर जगणाऱ्या जाती घेतात.

मांसाहारी प्राण्यांच्या बाबतीत तंतूचा प्रश्न गैरलागू वाटतो, आणि तो तसा नाही हे दाखवणारे काम बेल्जियममधील गेंट विद्यापीठात झाले. साराह देपॉ यांच्या गटाने २०१३ च्या सुमारास बंदिस्त चित्त्यांना काही काळ पूरक घटक मिसळलेले गोमांस व काही काळ अखंड ससे दिले, आणि सशाच्या काळात विष्ठेतील सडणुकीची द्रव्ये, म्हणजे प्रथिन कुजताना तयार होणारी इंडोल व फिनॉल यांसारखी संयुगे, घटल्याचे त्यांना आढळले. केस, कातडी, कूर्चा, कंडरा आणि हाडे हे जे भाग खाटकाच्या दुकानात बाजूला पडतात, ते चित्त्याच्या आतड्यात तेच काम करतात जे गुराच्या पोटात कडबा करतो. भारतातील प्राणिसंग्रहालयांत वाघ-बिबट्यांना बहुतेक करून कापलेले म्हशीचे मांस किंवा कोंबडी मिळते आणि आठवड्यातून एक दिवस उपवास घडवला जातो. हा उपवास रानातल्या शिकारीच्या अनियमिततेची आठवण ठेवणारा, शहाणपणाचा नियम आहे. परंतु नीलगाय किंवा रानडुक्कर मारून त्याच्या केसाकातड्यासकट खाणाऱ्या वाघाच्या जेवणाची बरोबरी सोललेल्या तुकड्यांशी होत नाही.

महाराष्ट्रात बंदिस्त वन्यप्राण्यांची परंपरा जुनी आहे, त्यांच्या पोटाकडे पाहण्याची नवी. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे देशभरच्या अशा बागांवर देखरेख करणारी एक यंत्रणाही नव्हती, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले ते १९९२ मध्ये. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ चे. जुन्नर तालुक्यात २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या संख्येने बिबटे पकडले गेले, आणि त्यांतून माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र उभे राहिले, जेथील बरेच रहिवासी परत रानात जाण्याची शक्यता नाही. नागपूरजवळ गोरेवाड्याचे प्राणिउद्यान २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन केंद्रही तेथेच आहे, आणि वन्यप्राण्यांच्या आजारांचा पद्धतशीर अभ्यास राज्यात ज्या थोड्या ठिकाणी होतो त्यांत त्याची गणना होते. आतड्यातील जिवाणू हा विषय सर्वसामान्य मराठी वाचकाच्या कानावर पडला तो मात्र वेगळ्या निमित्ताने. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून राणीच्या बागेत आणलेल्या आठ हम्बोल्ट पेंग्विनांपैकी एका मादीचा त्याच वर्षी ऑक्टोबरात मृत्यू झाला आणि त्याचे कारण ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचा संसर्ग असे सांगितले गेले. ग्रॅम-निगेटिव्ह म्हणजे विशिष्ट रंगप्रक्रियेत जांभळा रंग न धरणारे, दुहेरी आवरणाचे जिवाणू, ई. कोलाय त्यांतलाच. चर्चा झाली ती खर्चाची आणि जबाबदारीची. हजारो मैलांचा प्रवास, नवे पाणी, नवे मासे आणि नवी माणसे यांनी त्या पक्ष्यांच्या आतड्यातील जुनी वस्ती किती ढवळली असेल, हा प्रश्न चर्चेत आला नाही.

विज्ञानाच्या बाजूने पाहता पाया येथे नव्हता असे नाही. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे मिलिंद वाटवे यांनी रमण सुकुमार यांच्यासह मुदुमलाईच्या जंगलातील सस्तन प्राण्यांच्या विष्ठेतील परजीवींचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि परजीवींची संख्या व विविधता यजमानाच्या राहणीशी कशी निगडित असते ते दाखवले. ते काम जिवाणूंचे नव्हते, जंतांचे व तत्सम परजीवींचे होते. तरी प्राण्याला न पकडता, न दुखवता, केवळ विष्ठेवरून त्याच्या आतल्या जगाची गणती करता येते, ही दृष्टी त्यात स्पष्ट होती. पुण्याच्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने भारतीय माणसांच्या आतड्यातील जिवाणूंवर दीर्घ काम केले आणि तेथे जिवाणूंचे वाण जपून ठेवणारा मोठा संग्रह उभा राहिला. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील विनीत शर्मा यांच्या गटाने २०२० मध्ये वाघ, सिंह व बिबट्या यांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या जनुकांची सूची प्रसिद्ध केली. येथे एखाद्या जातीची हजेरी न घेता विष्ठेतील सर्व जिवाणूंची सर्व जनुके एकत्र वाचण्याचे तंत्र वापरलेले आहे, ज्यामुळे वस्तीत कोण आहे यापलीकडे जाऊन ती वस्ती काय काय करू शकते हेही कळते.

प्रतिजैविकांचा मुद्दा या सगळ्याला छेद देऊन जातो. पिंजऱ्यातील प्राणी आजारी पडला की त्याला औषध द्यावेच लागते, आणि ते न देणे निर्दयपणाचे होईल. पण औषध रोगजंतू आणि रहिवासी यांत भेद करीत नाही. ऑस्ट्रेलियात क्लॅमिडिया या रोगाने ग्रासलेल्या कोआलांना प्रतिजैविके दिली, की निलगिरीच्या पानातील टॅनिन फोडणारे जिवाणूही जातात आणि रोगातून वाचलेला प्राणी अन्नासमोर बसून खंगण्याची भीती निर्माण होते. कोआलाची आई पिलाला दुधानंतर आपल्याच आतड्यातला मऊ मळ खाऊ घालते, हत्तीचे पिल्लू मोठ्यांचे शेण तोंडात घेते. ज्याला माणूस घाण समजून तत्परतेने धुऊन टाकतो ती त्या प्राण्यांची वंशपरंपरागत शिदोरी असते. मिकेला ब्लाइटन यांच्या गटाने २०१९ मध्ये केप ओटवे येथील कोआलांना, वेगळ्या जातीच्या निलगिरीवर जगणाऱ्या कोआलांच्या विष्ठेपासून केलेल्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा त्यांच्या आतड्यातील वस्ती बदलली आणि ज्यांच्यात ती अधिक बदलली ते पूर्वी नाकारलेली पाने अधिक खाऊ लागले. गमावलेली वस्ती परत बसवता येते, असा धीर देणारा हा प्रयोग आहे. मात्र त्यासाठी रानातला दाता शिल्लक असावा लागतो.

हा दाता खानदेशात कोणत्या स्थितीत आहे, याचे उत्तर सरळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वाघ इतके होते, की १८२५ मध्ये धरणगावी भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमचे नाव वाघांच्या शिकारीशीही कायमचे जोडले गेले. आज वढोदा वनक्षेत्रातील सुमारे १२३ चौरस किलोमीटरचा मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव टापू २०१४ पासून वाघांच्या नावाने राखलेला आहे, तो मेळघाटाकडून अंबाबरवामार्गे येणाऱ्या वाटेवर आहे, आणि पूर्णेकाठच्या केळीच्या बागा उन्हाळ्यात वाघाला रानापेक्षा गार पडतात. हा वाघ रानातला खरा, पण त्याच्या वाटेवरचे रानडुक्कर केळीवर व मक्यावर पोसलेले असते आणि पाटाच्या पाण्यात गावाचे सांडपाणी, गुरांची औषधे व खते उतरलेली असतात. बिबट्याचे तर याहून पुढे गेलेले आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेतील केसांवरून त्यांचा आहार ओळखला, तेव्हा खाल्लेल्या मांसाच्या वजनापैकी ८७ टक्के पाळीव जनावरांचे आणि त्यातही ३९ टक्के एकट्या कुत्र्याचे निघाले. उकिरड्यावर वाढलेला कुत्रा ज्याचे मुख्य अन्न आहे, त्या मोकळ्या बिबट्याच्या आतड्यात माणसाच्या वस्तीतले वाण पोचले नसतील असे मानायला आधार नाही. मोकळा आणि बंदिस्त हे दोन टोकांचे शब्द महाराष्ट्रात म्हणूनच जपून वापरावे लागतात. व्हिएतनामच्या वानरांत जशी मधली अर्धबंदिस्त अवस्था आढळली, तशी ती उसात आणि केळीत राहणाऱ्या प्राण्यांत पिंजऱ्यावाचूनच निर्माण झालेली असण्याचा संभव आहे. यावलच्या सातपुड्यात, गावापासून दूर, सांबर व भेकर खाणारा बिबट्या आणि तापीकाठी कुत्रे खाणारा बिबट्या यांचे नमुने शेजारी ठेवल्याखेरीज माणिकडोहच्या बिबट्याने काय गमावले हे सांगता यायचे नाही.

त्यासाठी लागणारी पहिली पायरी नवी नाही. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत जेथे कॅमेऱ्याने वाघ टिपणे अवघड असते तेथे वनरक्षक वाटेवरची विष्ठा गोळा करतात, तिच्या वरच्या पातळ थरात वाघाच्या आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात आणि त्यांच्या डीएनएवरून तो वाघ कोणता ते ओळखले जाते. आतल्या भागातील केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याने काय खाल्ले ते कळते. मधला ओलसर गाभा, ज्यात जिवाणूंची खरी वस्ती असते, तो तेवढा तसाच राहतो. वैशाखात खानदेशच्या उन्हात तो गाभा लवकर सुकतो, त्यावर शेणकिडे येतात आणि मातीतले जिवाणू त्यात मिसळू लागतात. म्हणून तो सकाळच्या पहिल्या गस्तीत, ताजा असतानाच उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकावा लागतो, आणि कुपीवर दिनांक, ठिकाण व त्या दिवशीचे वाऱ्यापावसाचे मान लिहावे लागते.